दीड मिलिमीटरची पट्टी

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे काहीतरी गोड बातमी असणार असं वाटून तू खुर्चीत सावरून बसला असशील, तर तसं काही नाही. आई बरी आहे, मी बरी आहे, आणि मला तुझी किळस आली आहे. एवढं सांगायला फोनही पुरला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं म्हणणं राहून जातं.

काल संग्राहकांच्या मेळाव्यात, जुन्या कार्डांना गुण देणाऱ्या आमच्या ग्रेडिंग कंपनीचा स्टॉल होता आणि तिथे बसायची पाळी माझी होती. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, पाठ ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून आमची सीलबंद प्लास्टिकची डबी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवली. "बाई, बघा तरी," म्हणाले, "तुमच्याच कंपनीनं दहापैकी नऊ दिलेत."

डबीत हिरव्या जर्सीतला गोलकीपर. आडवा झेपावलेला, हातांत ग्लोव्हज नाहीत, डाव्या कोपराखाली शाईचा निळा ठिपका. बाबा म्हणायचे, रोलरवर माशी बसली असणार.

आपला गोलकीपर, दादा. इतक्या वर्षांनी काल पहिल्यांदा तो माझ्या हातात आला.

तुला आठवण करून द्यायची गरज नसावी, पण देते, कारण तुझी स्मरणशक्ती सोयीपुरती असते. ही कार्डं बाबांच्याच छापखान्यात छापली जायची. च्युइंगमच्या पाकिटातून पोरं ती गोळा करायची आणि बाबा कटिंग मशीनवर उभे राहून ती कापायचे. एकदा त्यांच्याकडून गठ्ठ्यावरचा दाब नीट बसला नाही आणि अख्खा गठ्ठा दीड मिलिमीटर रुंद गेला. सगळा रद्दीत. त्यातलं एक कार्ड त्यांनी फोरमनकडून मागून घेतलं, रीतसर विचारून, आणि घरी आणून कपाटाच्या काचेला आतून लावलं. "ही माझी चूक आहे," म्हणाले. "चूक डोळ्यासमोर असली की हात जाग्यावर राहतो." मी चार वर्षांची असताना खुर्चीवर चढून ते काढलं आणि उजव्या कोपऱ्याला कडकडून चावले. तू ओरडलास. बाबा हसले. खालच्या कोपऱ्यात माझ्या दाताची खूण कायमची बसली.

काल त्या डबीतल्या कार्डाला चारही कोपरे होते. टोकदार. उजवीकडची जास्तीची पांढरी पट्टी नव्हती. गोलकीपर कसा अगदी मधोमध झेपावलेला होता.

बाबा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा मी त्यांचं भिंग घेतलं आणि तू हे कार्ड घेतलंस. छापखाना बंद झाला तेव्हा तिथलं कापायचं छोटं हातमशीन तूच घरी आणलं होतंस, वह्या बांधायला म्हणून. पुढचं मला कोणी सांगायला नको.

ते गृहस्थ म्हणाले, "मी लाइनमन होतो. एकतीस वर्षं. ह्यानं पेनल्टी अडवली ना, तेव्हा मी गोलरेषेवर उभा होतो. बॉल आत गेला नव्हता. मी झेंडा खालीच ठेवला, आणि अर्ध्या स्टेडियमनं माझा उद्धार केला." मग डबीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे कार्ड तुमच्या ह्या संग्राहकांच्या क्लबच्या अध्यक्षांनी दिलं मला. भला माणूस."

क्लबचे अध्यक्ष म्हणजे तूच. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. "जपा," म्हटलं. त्या एका शब्दाचीही मला शिसारी येतेय.

उत्तर पाठव. खुलासा नको.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

आठवडा झाला. पत्रपेटी रोज उघडते, आत विजेचं बिल आणि गालिचे धुणाऱ्याची जाहिरात.

ह्या मधल्या दिवसांत मी लाइनमनकाकांची चौकशी केली. (हो, काका म्हणते. त्यांनीच म्हणायला सांगितलं, 'साहेब' म्हटलेलं त्यांना चावतं.) सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत एकटे राहतात. खोलीत पलंग, टेबलफॅन, आणि भिंतीवर एक रिकामी फळी. त्या फळीवर तीन आल्बम असायचे. एकतीस वर्षं प्रत्येक मॅचनंतर त्यांनी मैदानाच्या आवारातून, शाळांच्या फाटकांवरून, पोरांकडून अदलाबदल करून जमवलेली कार्डं. ज्या ज्या खेळाडूच्या मॅचला ते रेषेवर उभे होते त्याचंच कार्ड, दुसऱ्या कोणाचं नाही. प्रत्येकाखाली तारीख आणि त्या दिवशी वारा कुठून होता ते. मी विचारलं, वारा कशाला? म्हणाले, "बॉल वळतो ना."

ते तिन्ही आल्बम तू घेतलेस. एका कार्डाच्या बदल्यात.

"तेच स्वतःहून म्हणाले," असं तू म्हणशील. म्हणाले असतील. त्यांच्याकडे फक्त गोलकीपर नव्हता. त्या एका मॅचचं पान रिकामं होतं आणि चाळीस वर्षं ते त्यांना खुपत होतं. तुला माणसाचं रिकामं पान बरोबर दिसतं. डोळे बाबांचेच आहेत तुझे, फक्त लावलेस भलतीकडे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यातलं तुझं भाषण लोक अजून सांगतात. "विश्वास हाच आपला छंद, कार्डं हे निमित्त." टाळ्या पडल्या म्हणे. काय साळसूद चेहरा केला असशील ते मला इथे बसून दिसतं. लहानपणी बरणीतली साखर खाऊन तू असाच आईसमोर उभा राहायचास, ओठांवर दाणे आणि डोळ्यांत निरागसपणा.

आमच्याकडचं काम तुला माहीत आहे, तरी लिहिते. कार्ड आमच्या टेबलावर येतं तेव्हा कोणी पाठवलं ते आम्हाला कळत नाही, फक्त नंबर असतो. दोघेजण वेगवेगळे बघतात. मोजपट्टीच्या खाचेत कार्ड बसवायचं: सैल बसलं तर कोणीतरी कापलंय, परत पाठवायचं. कापाकापी पकडायची आमची पहिली चाचणी तीच. आणि आमच्या मोजपट्टीला हे कुठून कळणार की एखादं कार्ड जन्मतःच रुंद होतं? तू जास्तीचं तेवढं कापलंस. ते खाचेत तंतोतंत बसलं. मग कड भिंगाखाली. तीही बरोबर, कारण तुझं मशीन त्याच छापखान्याचं, पाती त्याच धाटणीची. ताजी कड पांढरी दिसू नये म्हणून चहाच्या पाण्याचं बोट फिरवलंस. आमच्यापैकी ज्या कोणी ते कार्ड पास केलं त्या बिचाऱ्यांचा काय दोष? कोणी केलं ते रजिस्टरमध्ये असतं, आम्हाला बघता येत नाही.

आता काम. पंधरा मार्चच्या मेळाव्यात तू ते आल्बम सुटे करून, पान पान फोडून विकायला टेबलावर मांडणार आहेस, असं माझ्या कानावर आलंय. पानं एकदा चार दिशांना गेली की ती तारीख आणि तो वारा पुन्हा एकत्र येणार नाही. त्याआधी काकांना खरं सांग, कार्ड परत घे, आल्बम परत कर. तू सांग. मी सांगितलं तर ते तुझ्या बहिणीनं सांगितलेलं होईल.

आईनं विचारलं, कोणाला लिहितेस? म्हटलं, गिऱ्हाइकाला.

बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

तू मूग गिळून बसला आहेस, तर मी आमच्या साहेबांकडे गेले. तुला ते ओळखतात. भिंतीवर तुझ्यासोबतचा त्यांचा फोटो आहे, दोघांच्या मध्ये चषक, दोघेही दात दाखवताय.

मी म्हटलं, हे कार्ड कापलेलं आहे, ग्रेड रद्द करायला हवी. साहेबांनी संगणकावर नंबर टाकला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "माप?" "बरोबर आहे." "कड?" "बरोबर दिसते." "मग?" मी सांगितलं, रुंद गठ्ठा, कपाटाची काच, माझा दात.

ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट. "बाई," म्हणाले, "तुमच्या दुधाच्या दाताच्या जोरावर मी डबी फोडू? एक डबी फोडली की उद्या दारात रांग लागेल. जो तो म्हणेल, माझीही बघा. आपण काय विकतो? कार्ड नाही विकत. लोकांना रात्री झोप लागते, ती विकतो."

"आणि ते काका?"

"ते झोपतायत ना? मग त्यांच्या आनंदावर विरजण कशाला?"

दादा, साहेब गोड बोलत होते, त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, माझ्या आईची चौकशी केली. बारा वर्षं मी त्या खोलीत बसून लोकांच्या कार्डांच्या कोपऱ्यांत चूक शोधतेय. केसाएवढी घडी दिसली तरी एक गुण कापते. आणि वर बसलेला हा माणूस म्हणतो, दिसलं तरी बघू नका.

मी उठत नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "रजिस्टर काढू का? ग्रेड कोणाची ते बघायचंय?" आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, नको.

घरी आले तर आई भाजी निवडत होती. न राहवून तिला सगळं सांगितलं. तिनं भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "त्याला लहानपणी एक ठेवून दिली असती तर आज हे दिवस आले नसते. तुझे बाबा मध्ये पडायचे." मग पुन्हा भाजी. मग, "त्याची तब्येत बरी आहे का?" तुझी तब्येत! मी ताडकन उठून गेले.


२७ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रातली एक ओळ तू दोनदा वाचली असणार, 'मी म्हटलं, नको' ही. तुझ्यापासून लपवून काय होणार, तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

नऊ गुण मी दिले.

काकांच्या रुमालातून निघालं तेव्हा ते मी पहिल्यांदा बघितलं हे खोटं. त्याच्या तीन महिने आधी ते माझ्या ट्रेमध्ये होतं. त्या दिवसातलं एकशे बारावं कार्ड. चिमट्यानं उचललं, भिंग धरलं (बाबांचंच), आणि कोपराखाली निळा ठिपका. मग उजवीकडे बघितलं आणि समजलं. कडेचा पिवळेपणा वरून लावलेला होता. जुन्या कागदाचा पिवळेपणा आतून येतो, बाहेरून लावलेला खालच्या टोकाला थबकतो, तसा तो थबकला होता. माझ्यासारखीला ते दिसल्याशिवाय राहणार नाही, हे तुला माहीत होतं. दुसऱ्या तीन कंपन्या होत्या. तू आमच्याकडे पाठवलंस, जिथे इतकी जुनी कार्डं माझ्याच ट्रेमध्ये येतात.

मी कागदावर नऊ लिहिलं आणि ट्रे पुढे सरकवला. दुसऱ्यानंही नऊ लिहिलं, त्याला खरंच काही दिसलं नसेल.

का लिहिलं? घाबरले, दुसरं काय. कापलेलं म्हटलं असतं तर पाठवणाऱ्याचं नाव निघालं असतं, ते नाव आणि माझं माहेरचं आडनाव एक, आणि आईचं औषधपाणी माझ्या पगारावर. असं समज.

तर तुला शिव्या देताना माझ्याच हाताला तो वास होता. साहेबांना मी नावं ठेवली, पण साहेबांनी निदान कार्ड ओळखलं नव्हतं. गेले आठ दिवस जेवताना घास तोंडाजवळ आला की मला त्याच बोटांची किळस येते. मी आता चिमट्यानं जेवू का?

ते असो. एक मागणं आहे.

माझं म्हणणं कोणी मानणार नाही. माप बरोबर, कड बरोबर, दाताला कोण विचारतं. पण तू बाबांच्या हाताखाली शिकलास. छापखान्यातली रीत तुझ्या अंगात मुरलेली आहे: शेवटच्या कापाची पट्टी फेकायची नाही. खाकी कागदात गुंडाळायची, वर पेन्सिलीनं तारीख टाकायची, काम पास होईपर्यंत खणात ठेवायची. गिऱ्हाइकानं तक्रार केली की पट्टी त्या कडेला लावून दाखवायची, आमचा काप आहे की नाही. बाबांचा खण त्या पट्ट्यांनी भरलेला असायचा आणि आई म्हणायची, माणसं दागिने ठेवतात, आमच्याकडे कचरा.

दीड मिलिमीटरची ती पट्टी तू फेकली नसशील. लबाडी करतानाही तू ती रीत मोडली नसणार. तिच्या खालच्या टोकाला माझा दात आहे.

ती पाठव.


७ मार्च

दादा,

आली.

पाकिटात पत्र नाही. चार ओळी लिहायला हात झिजला असता का? फक्त खाकी कागदाची घडी, तिच्यावर पेन्सिलीनं तारीख, आणि चार हा आकडा तू अजून बाबांसारखा लिहितोस, खालून उघडा. आत पट्टी. मी ती ताटलीत ठेवली, श्वासानं उडेल म्हणून तोंडावर पदर धरला. आईनं चष्मा लावून खालचं टोक बघितलं आणि म्हणाली, "हाच तो दात. ह्याच दातानं मलाही चावायचीस." मग डोळे पुसायला आत गेली.

तू का पाठवलीस ते मला कळत नाही. पश्चात्ताप झाला म्हणून, की मी जाळून टाकीन म्हणून, की 'घे बाई, तुझं तू बघ' म्हणून हात झटकलेस? तुझ्या बाबतीत आजकाल मी वाईटातलं वाईट धरते आणि बहुतेक वेळा ते कमीच पडतं. पण पट्टी तू जपून ठेवली होतीस, हे मी धरून चालले होते आणि तेवढं खरं निघालं. एवढ्या एका गोष्टीत तुझ्यावर टाकलेला विश्वास फुकट गेला नाही.

उद्या काकांकडे जातेय. पक्कड घेऊन.


१७ मार्च

दादा,

मेळाव्यात जे झालं ते तू बघितलंस. त्याआधीचं बघितलं नाहीस, म्हणून हे शेवटचं पत्र.

काकांच्या खोलीत गेले तेव्हा ते बूट पॉलिश करत होते. आता कुठल्याच मैदानावर जायचं नसतं, तरी दर रविवारी करतात. मी म्हटलं, काका, तुमची डबी फोडायची आहे. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "फोडली की नऊ जातील ना?" "जातील." "मग का?" मी म्हटलं, आधी फोडू दे, मग सांगते. आधी सांगितलं असतं तर माझी हिंमत झाली नसती.

त्यांनी स्वतःच डबी माझ्या हातात दिली. तो माणूस अजूनही लेबलावर विश्वास ठेवून होता, आणि मी त्या लेबलाची माणूस होते.

पकडीखाली प्लास्टिक कडकन वाजलं. कार्ड बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं, चिमट्यानं पट्टी उचलली आणि उजव्या कडेला लावली. दादा, तू कापलंस सुंदर. फट दिसेना. वरपासून खालपर्यंत ते पुन्हा एक कार्ड झालं, रुंद, एका बाजूला कललेलं, आणि खालच्या कोपऱ्यात दाताची खूण, तिच्यात पुसटशी सावली. काकांनी माझ्या हातातून भिंग घेतलं. खूप वेळ बघितलं. मग जुन्या सवयीनं त्यांचा उजवा हात कोपरातून वर उठला, झेंडा धरल्यासारखा, आणि तसाच राहिला.

मी सगळं सांगितलं. छापखाना, वाटणी, मशीन, तू. ते ऐकत होते. मग त्यांनी हात खाली घेतला आणि विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"टेबलावरच. नऊ मीच दिले."

वाटलं, आता बाहेर काढतील. ते म्हणाले, "तुमच्या दादानं फसवलं, ते मला समजतं. त्याला माझे आल्बम हवे होते. तुम्हाला काय हवं होतं?"

तुला मी लिहिलं होतं, घाबरले म्हणून. ते खोटं. भीती नंतर आली. काकांना खरं सांगितलं, कारण त्या खोलीत खोटं बोलायला जागाच नव्हती.

"दादाचा फोन," मी म्हटलं.

कार्ड ओळखलं तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. मला आनंद झाला होता. वाटलं, दादानं मला हाक मारली. ह्या सगळ्या मोठ्या जगात ही खोडी फक्त मला ओळखता येणार होती आणि ती त्यानं माझ्याच टेबलावर ठेवली. नऊ लिहिले म्हणजे मी 'ओ' दिली. आता त्याचा फोन येईल. रविवारी फोन स्वयंपाकघरात माझ्याजवळ ठेवायचे. तीन महिने. मग मेळाव्यात रुमालातून ती डबी निघाली आणि मला कळलं, तू मला हाक मारली नव्हतीस. तुला फक्त शिक्का हवा होता, आणि घरातला माणूस फुकट शिक्का मारून देतो.

काकांनी विचारलं, "आला का?"

"नाही."

ते उठले, पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. "मीही माणूसच आहे," म्हणाले. "त्या पेनल्टीच्या वेळी आमचा थोरला प्रेक्षकांत होता. पेनल्टी मारणाऱ्या संघाचा वेडा होता. गोल दिला असता तर घरी माझ्याशी बोलला असता." जाताना त्यांनी कार्ड आणि पट्टी एकाच खाकी कागदात घातली आणि माझ्या हातात दिली. "हे माझं नव्हे. माझे आल्बम मला हवेत."

पंधरा तारखेला आम्ही दोघं तुझ्या टेबलासमोर उभे राहिलो. तू मला बघितलंस, त्यांना बघितलंस, आणि खाली वाकून तिन्ही आल्बम वर ठेवलेस. मान वर केली नाहीस. शेजारचे लोक वाट बघत होते की आता तमाशा होणार. झाला नाही. काकांनी तिथेच एकेक आल्बम उघडला. गोलकीपरचं सोडून अकरा पानं रिकामी. तारखा होत्या, वारे होते, कार्डं नव्हती. तू मेळाव्याची वाटही बघितली नव्हतीस. त्यांनी पानं उलटली, आल्बम मिटले, तिन्ही छातीशी धरले आणि चालू लागले. फाटकाशी म्हणाले, "अकराच." ते 'अकराच' मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ती अकरा कुठे गेली त्याची यादी तुझ्याकडे असेल. पत्ते काढ, परत मिळव, त्यांच्या दारात नेऊन दे. भीक मागावी लागली तर माग.

मी साहेबांना कार्ड, पट्टी आणि माझा राजीनामा एकदम दाखवला. राजीनामा त्यांनी आधी घेतला. कार्डाचा नंबर रजिस्टरमधून काढलाय, शेरा 'तांत्रिक कारणास्तव रद्द'. मी विचारलं, तांत्रिक कारण म्हणजे मी का? ते पुन्हा तसेच गोड हसले. भिंतीवरचा फोटो अजून आहे. मुलांच्या एका मोठ्या दवाखान्यात फायली लावायचं काम मिळतंय, बघू. तिथे निदान गुण द्यायचे नाहीत.

कार्ड आता कपाटाच्या काचेला आतून लावलंय, जिथे बाबांनी लावलं होतं तिथेच. शेजारी पट्टी, मध्ये मुद्दाम फट ठेवून. आईनं विचारलं, चिकटवून टाकू या का? मी नको म्हटलं. बाबांची चूक तू कापून टाकलीस. आता तिथे आहे ती माझी.

ती बघायला यायचं असेल तर ये. आधी अकरा कार्डं. फोन करू नकोस, आता मी त्याची वाट बघत नाही.

तुझीच,
चावरी